आतड्याच्या कॅन्सरची स्टेज: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीसेक वर्षं मी पॅथॉलॉजिस्ट म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली तुकडे तपासले. निवृत्त झाल्यावर ते काम थांबलं, पण रिपोर्टचे फोटो यायचे काही थांबले नाहीत. नात्यातून, शेजारून, पूर्व भागातल्या जुन्या ओळखीतून व्हॉट्सअ‍ॅपवर एक वाकडा फोटो येतो आणि खाली एवढंच: 'मॅडम, कितवी स्टेज?' त्या एका ओळीमागे जे जे प्रश्न निघत गेले, ते इथे एकत्र केलेत. सगळं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबद्दल आहे. गुदाशयाचा हिशेब थोडा वेगळा, तो प्रश्न १४ मध्ये. उपचार तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, ते यातून मिळेल.

१. रिपोर्टवर 'ग्रेड २' आहे. म्हणजे दुसरी स्टेज ना?

नाही. कॅन्सर कुठवर पोचलाय ते स्टेज सांगते. त्याच्या पेशी मूळच्या पेशींपासून किती बिघडल्यात ते ग्रेड सांगतो. मोठ्या आतड्याचे बहुतेक कॅन्सर ग्रेड २ चेच असतात, त्यामुळे हा आकडा जवळपास प्रत्येक कागदावर दिसणार. 'ग्रेड २' वाचून निर्धास्त झालेलं एक घर मला आठवतं. पेशंटची स्टेज तिसरी होती आणि केमो सुरू करायला त्यांनी उगाच उशीर केला.

गाठीच्या आकाराचंही तेच. स्तनाच्या कॅन्सरमध्ये सेंटीमीटर मोजतात, तसं आतड्यात चालत नाही. सात सेंटीमीटरची फुगीर गाठ वरवरची असू शकते आणि दोन सेंटीमीटरची चपटी गाठ भिंत फोडून बाहेर गेलेली असू शकते. इथे खोली मोजतात.

२. 'पीटी३ एन१बी' म्हणजे काय? आणि पुढे एम का लिहिला नाही?

टी म्हणजे गाठ भिंतीत किती खोल गेली. आतड्याची भिंत आतून बाहेर अशी असते: आतलं अस्तर, त्याखालचा मऊ थर, मग स्नायू, मग चरबी आणि सगळ्यात बाहेर एक पातळ चकचकीत पडदा. गाठ मऊ थरापर्यंत असेल तर टी१, स्नायूत शिरली तर टी२, स्नायू ओलांडून चरबीत गेली तर टी३. बाहेरचा पडदा फोडला तर टी४ए, शेजारच्या अवयवात घुसली तर टी४बी.

एन म्हणजे आतड्यालगतच्या चरबीतल्या किती लसिका ग्रंथींत, म्हणजे लिम्फ नोडमध्ये, कॅन्सर सापडला. एकही नाही तर एन०. एक असेल तर एन१ए, दोन किंवा तीन असतील तर एन१बी. चार ते सहा एन२ए, सात किंवा जास्त एन२बी. सुरुवातीचा 'पी' म्हणजे हे ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीत तपासून ठरलंय. म्हणजे तुमच्या रिपोर्टचा अर्थ असा: गाठ चरबीपर्यंत गेलीय आणि दोन किंवा तीन ग्रंथींत कॅन्सर आहे.

एम म्हणजे यकृत, फुप्फुस, पोटाचं आवरण अशा दूरच्या जागी पसरलाय का. 'एम०' मी कधीच लिहीत नसे. माझ्या टेबलावर आतड्याचा तुकडा येतो, पेशंटचं यकृत येत नाही. ते सीटी स्कॅन पाहून तुमचे डॉक्टर ठरवतात. म्हणून एम नसलेला रिपोर्ट अर्धवट समजू नका.

३. या अक्षरांवरून पहिली, दुसरी, तिसरी, चौथी कशी ठरते?

ग्रंथी स्वच्छ आणि गाठ टी१ किंवा टी२ असेल तर पहिली. ग्रंथी स्वच्छ पण गाठ टी३ किंवा टी४ असेल तर दुसरी. ग्रंथीत कॅन्सर सापडला की तिसरी, मग गाठ कितीही उथळ असो. दूर पसरला की चौथी. तिन्ही अक्षरं जुळवून मग ए, बी, सी असे पोटभाग पडतात. प्रश्न २ मधला पेशंट, सीटी स्वच्छ असेल तर, ३बी मध्ये बसतो. या टी-एन-एम पद्धतीची आठवी आवृत्ती २०१८ पासून लागू झाली. जुन्या फायलींत 'ड्यूक्स बी', 'ड्यूक्स सी' असं दिसतं. ती लंडनच्या डॉ. ड्यूक्स यांची १९३२ ची पद्धत, बी म्हणजे ढोबळमानाने दुसरी आणि सी म्हणजे तिसरी.

लोकांना हे पायऱ्यांसारखं वाटतं, दुसरी नेहमी तिसरीपेक्षा बरी. तसं नाही. ३ए चे पेशंट, म्हणजे उथळ गाठ आणि एखाददुसरी ग्रंथी, हे २बी आणि २सी च्या पेशंटपेक्षा सरासरीने चांगले राहतात. एक कारण असं की तिसरीला केमो बहुधा मिळतेच. दुसरं असं की टी४ ही मुळातच खोडकर गाठ. म्हणून मला आकड्यापेक्षा पूर्ण अक्षरं पाठवा.

४. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर दुसरी म्हणाले, नंतर तिसरी म्हणाले. कोण चुकलं?

बहुतेक वेळा कोणीच नाही. आधीची स्टेज सीटीवरून काढलेली असते. सीटीला ग्रंथी मोठी झालेली दिसते, तिच्या आत काय आहे ते दिसत नाही. चार मिलिमीटरच्या, साध्या दिसणाऱ्या ग्रंथीत कॅन्सर असतो आणि दीड सेंटीमीटरची ग्रंथी नुसत्या सुजेने फुगलेली असते. ऑपरेशननंतरची स्टेज तपासलेल्या तुकड्यांवरून येते, तीच धरायची. महिनाभरात आजार वाढला असा अर्थ काढू नका.

५. 'बारा ग्रंथी तपासल्या पाहिजेत' असं वाचलं. आमच्या रिपोर्टवर सातच आहेत. काळजीचं आहे का?

विचारण्यासारखं नक्की आहे. किमान बारा ही जगभर मानलेली मर्यादा. सातच तपासल्या आणि सातही स्वच्छ निघाल्या, तर आठवीत काही नव्हतं असं छातीठोक म्हणता येत नाही. म्हणून बारापेक्षा कमी ग्रंथी असलेली दुसरी स्टेज जास्त जोखमीची धरतात (प्रश्न ९).

या ग्रंथी सापडतात कशा ते सांगते. आतडं फॉर्मॅलिनमध्ये रात्रभर घट्ट होऊ द्यायचं. मग त्याला लागून आलेली पिवळी चरबी पातळ पातळ कापायची आणि प्रत्येक काप दोन बोटांत धरून चाचपायचा. चरबी बोटात मऊ सरकते, ग्रंथी ज्वारीच्या दाण्यासारखी लागते. काही मोहरीएवढ्या असतात. एका आतड्यावर तासभर सहज जातो आणि घाई केली की संख्या पडते. सर्जनने चरबीचा पंखा पुरेसा काढलेला असणं हाही त्यातला भाग. वयस्कर माणसांत आणि आधी केमो किंवा शेक (रेडिएशन) घेतलेल्यांत ग्रंथी मुळात कमी सापडतात, ते अपवाद.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यावर मी आयुष्यभर चिडत आले. एका मे महिन्यात एका खासगी रुग्णालयातून नातेवाईक रिक्षाने आतडं घेऊन आले, साध्या कॅरीबॅगमध्ये, थोड्या सलाईनमध्ये बुडवलेलं, तेही आदल्या संध्याकाळचं. सोलापूरचा मे. चरबीचा लगदा झाला होता. पाच ग्रंथी कशाबशा मिळाल्या आणि त्या बाईंची स्टेज कायमची अंधुक राहिली. तुकड्याच्या दहापट फॉर्मॅलिन, रुंद तोंडाचा डबा, बाहेर नाव आणि वेळ: तुमच्या हातात डबा दिला तर एवढं बघूनच निघा.

तुमच्यासाठी उपाय: लॅबला विचारा की चरबी शिल्लक आहे का, पुन्हा शोधता येईल का. तुकडे काही आठवडे ठेवलेले असतात. दुसऱ्या फेरीत पाच-सहा सापडल्याचं मी स्वतः पाहिलंय.

६. तिसरी स्टेज म्हणजे माणूस किती वर्षं जगतो?

आकडा देते, पण आधी तो कसला आहे ते ऐका. अमेरिकेच्या नोंदींनुसार कॅन्सर आतड्यापुरता असेल तर पाच वर्षांनी शंभरात सुमारे ९० जण हयात असतात. आसपास किंवा ग्रंथींपर्यंत गेला असेल तर ७० च्या थोडे वर. दूर पसरला असेल तर १५ च्या आत. हे त्याच वयाच्या निरोगी माणसांशी तुलना करून काढलेले आकडे आहेत.

'पाच वर्षांचं' म्हणजे पाचव्या वर्षी संपतं असं नाही. मोजायला ती एक खूण घेतलीय. हे आकडे काही वर्षांपूर्वी उपचार झालेल्यांचे आहेत, आजची औषधं त्यांच्यातल्या अनेकांना मिळाली नव्हती. आणि 'तिसरी' या एका शब्दात ३ए पासून ३सी पर्यंत सगळे कोंबलेले आहेत. त्यांच्यात फरक मोठा आहे. ऑपरेशनला दोन वर्षं होऊन गाठ परत आली नसेल, तर पुढची शक्यता पहिल्या दिवसापेक्षा चांगली झालेली असते, हेही लोकांना कोणी सांगत नाही.

आपल्याकडच्या नोंदींचं म्हणाल तर बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासून चालू आहे, देशातली अशी पहिली. बार्शी, भूम, परांडा या तालुक्यांतल्या गावोगावच्या नोंदी. त्यात आतड्याचा कॅन्सर तोंडाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या मानाने कमी दिसतो. त्याचा एक तोटा असा की रक्त पडलं की सगळे 'मूळव्याध' म्हणून मोकळे होतात.

७. माझ्या मामांची आणि शेजारच्या तात्यांची स्टेज एकच होती. मामा गेले, तात्या रोज फिरायला जातात. असं का?

स्टेज एक असली तरी रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर बरंच काही वेगळं असू शकतं. ते पान लोक वाचत नाहीत.

कॅन्सरच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत शिरताना दिसल्या का, मज्जातंतूला वेढा घातला का, ग्रेड ३ आहे का, कापलेल्या कडेला कॅन्सर आहे का, गाठीच्या पुढच्या टोकाला सुट्या पेशी तुटून पुढे चालल्यात का: या प्रत्येकाचं उत्तर 'हो' असेल तर जोखीम वाढते. आतडं गाठीने पूर्ण बंद होऊन किंवा फुटून मध्यरात्री ऑपरेशन करावं लागलं असेल, तर तेही वजनदार. पोट फुगलंय, तीन दिवस संडास नाही, अशा अवस्थेत आलेल्या माणसाची तब्येतही खचलेली असते.

तब्येत हा वेगळा मुद्दा. साखर, हृदय, किडनी, अंगात किती ताकद आहे यावर केमो पूर्ण होते की अर्ध्यात सुटते ते ठरतं. वय नुसतं आकड्यात पाहू नका. पंच्याहत्तरीचे शेतात जाणारे आण्णा साठीतल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसापेक्षा उपचार चांगले सोसतात. राहिले पेशीतले बदल, ते प्रश्न १० आणि ११ मध्ये.

८. सीईए वाढलेला आहे. म्हणजे पसरला?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. सीईए म्हणजे काही कॅन्सर रक्तात सोडतात तो पदार्थ, रक्त तपासून मोजतात. साधारण ५ पर्यंत नॉर्मल. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि यकृताच्या आजारात तो असाच थोडा वर असतो. काही कॅन्सर सीईए सोडतच नाहीत, त्यामुळे नॉर्मल आला म्हणूनही निश्चिंत होता येत नाही. ऑपरेशनआधी वाढलेला असेल तर जोखीम थोडी जास्त धरतात. खरा उपयोग पुढे: ऑपरेशननंतर काही आठवड्यांत तो खाली यायला हवा. म्हणून ऑपरेशनच्या आधी एकदा मोजलाच पाहिजे, नाहीतर नंतरच्या आकड्याची तुलना कशाशी करणार?

९. दुसरी स्टेज आहे, डॉक्टर म्हणतात केमो नको. आम्ही गरीब आहोत म्हणून टाळतात का?

हा प्रश्न मला फार वेळा येतो आणि विचारणाऱ्याचा राग मला समजतो. पण उत्तर बहुधा 'नाही' असंच आहे. दुसऱ्या स्टेजच्या बऱ्याच लोकांचा कॅन्सर ऑपरेशननेच गेलेला असतो. सरसकट सगळ्यांना केमो दिली तर शंभरात साधारण तीन-चार जणांचा जास्तीचा फायदा होतो, त्रास मात्र बऱ्याच जणांना. म्हणून ज्यांची जोखीम जास्त त्यांना ती देतात: टी४, बारापेक्षा कमी ग्रंथी, बंद पडलेलं किंवा फुटलेलं आतडं, ग्रेड ३, वाहिन्यांत शिरलेल्या पेशी.

डॉक्टरांना थेट विचारा: 'यातलं आमच्या रिपोर्टमध्ये काय आहे? आणि एमएमआर तपासली का?' दुसरा प्रश्न का, ते पुढच्या उत्तरात.

१०. एमएमआर की एमएसआय अशी तपासणी सांगितली. नवीन खर्च कशाला?

कारण एका तपासणीवर तीन निर्णय लटकलेले असतात. पेशी विभागताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिनं असतात: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२. एमएमआर म्हणजे हीच दुरुस्ती, एमएसआय म्हणजे ती बिघडल्याची खूण. आतड्याच्या सुमारे १५ टक्के कॅन्सरमध्ये ही दुरुस्ती बिघडलेली असते. तुमचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो, त्या ब्लॉकमधून काप घेऊन रंग चढवून हे बघता येतं, नव्याने तुकडा काढावा लागत नाही.

बिघाड असलेल्या दुसऱ्या स्टेजच्या पेशंटचं भवितव्य बऱ्यापैकी चांगलं असतं आणि फक्त फ्लुरोयुरासिलच्या केमोचा त्याला फायदा होत नाही. म्हणजे नको ती केमो वाचते. चौथ्या स्टेजमध्ये हाच बिघाड असेल तर इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांचं, दार उघडतं. २०२० च्या एका मोठ्या चाचणीत अशा पेशंटमध्ये पेम्ब्रोलिझुमॅब हे त्यातलं औषध नेहमीच्या केमोपेक्षा सरस ठरलं. ते महाग आहे, खोटं कशाला बोलू.

तिसरा निर्णय घराचा. काही जणांत हा बिघाड जन्मजात असतो, त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. मग भाऊ, बहिणी, मुलं यांनाही तपासावं लागतं आणि कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) लवकर वयात सुरू करावी लागते. बायकांत गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या कॅन्सरची जोखीमही वाढते. घरात आत्याला गर्भाशयाचा, काकांना आतड्याचा असं काही असेल तर ते आपणहून सांगा. 'त्याचा काय संबंध' म्हणून गप्प राहू नका.

११. केआरएएस, बीआरएएफ हे काय? सगळ्यांनी करायचं?

ही कॅन्सरच्या पेशीतल्या जनुकांची नावं, त्यांत बदल झालाय का ते तपासतात. मुख्यतः चौथ्या स्टेजमध्ये. केआरएएस मध्ये बदल असेल, साधारण दहातल्या चौघांत असतो, तर सेटुक्सिमॅब आणि पॅनिटुमुमॅब ही औषधं चालत नाहीत. देणं म्हणजे पैसे आणि कातडी दोन्ही जाळणं. बीआरएएफ व्ही६००ई हा बदल असला की पसरलेला आजार जास्त आक्रमक वागतो, मात्र त्यावर नेमकी औषधं आता आहेत. गाठ कोणत्या बाजूची हेही इथे लागतं. चौथ्या स्टेजमध्ये उजवीकडच्या आतड्याचे कॅन्सर सरासरीने डावीकडच्यांपेक्षा वाईट वागतात आणि वरची दोन औषधं डावीकडच्यांनाच जास्त लागू पडतात.

१२. चौथी स्टेज म्हणाले. घरी घेऊन जाऊ का?

थांबा. आतड्याचा कॅन्सर यात इतर बऱ्याच कॅन्सरपेक्षा वेगळा आहे. यकृतात दोन-तीनच गाठी असतील आणि त्या पूर्ण काढता येत असतील, तर ऑपरेशननंतर निवडक पेशंटमध्ये पाच वर्षांनी शंभरात सुमारे ४० जण हयात असतात. काहींचा आजार परत येतच नाही. कधी आधी केमो देऊन गाठी लहान करतात, मग काढतात. फुप्फुसातल्या एकदोन गाठींचंही तसंच. पोटाच्या आवरणावर सर्वत्र पसरलेला असेल तर ते सगळ्यात अवघड.

तेव्हा घरी न्यायच्या आधी एक प्रश्न: 'हे यकृताच्या सर्जनने पाहिलंय का?' सीटीची सीडी घेऊन जा, नुसता कागद नको. सर्जनला चित्रं लागतात.

१३. केमो तीन महिने की सहा महिने? शेजारणीला सहा महिने दिली.

तिसऱ्या स्टेजमध्ये टी१ ते टी३ आणि एन१ असेल तर कॅपेसिटाबिन आणि ऑक्झॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधांचे तीन महिने बहुतेकांना पुरतात. २०१८ मध्ये सहा चाचण्यांतल्या बारा हजारांहून जास्त पेशंटची एकत्र आकडेमोड होऊन हे पुढे आलं. टी४ किंवा एन२ असेल तर सहा महिन्यांकडे कल असतो. शेजारणीचा रिपोर्ट न पाहता तुलना करू नका.

सोलापुरात या फरकाला वजन आहे. ऑक्झॅलिप्लॅटिनने बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, कधी वर्षभर राहतो. तीन महिन्यांत हा त्रास सहा महिन्यांच्या निम्म्याहूनही कमी जणांना होतो. बिड्या वळणारी बाई बोटांच्या टोकांवर जगते. पानाची कड नखाने आत दुमडायची, दोरा गुंडाळायचा, आणि मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने. बोटं बधिर झाली की मजुरी गेली. मागावरचा तुटलेला धागा गाठणाऱ्याचंही तेच. आपण काय काम करतो ते ऑन्कोलॉजिस्टना पहिल्याच भेटीत सांगा. शक्यतो ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवड्यांत केमो सुरू व्हावी.

१४. आमचा गुदाशयाचा आहे. हेच सगळं लागू?

अक्षरं तीच, रस्ता वेगळा. गुदाशय ओटीपोटाच्या अरुंद हाडांत बसलेला असतो, म्हणून आधी एमआरआय लागतो, आणि बऱ्याच जणांना ऑपरेशनच्या आधी शेक आणि केमो देतात. त्यानंतर काढलेल्या तुकड्याच्या रिपोर्टवर 'वायपी' असं लागतं. 'वायपीटी० एन०' वाचून 'कॅन्सर नव्हताच, उगाच कापलं' म्हणून भांडायला आलेले लोक मी पाहिलेत. त्याचा अर्थ उपचाराने तो पूर्ण विरघळला, ही सगळ्यात चांगली बातमी.

१५. दोन वर्षांनी परत आला. आता चौथी स्टेज लिहायची का?

मूळची स्टेज कधीच बदलत नाही. तिसरीच राहते, तिच्यापुढे 'परत आला, अमुक जागी' असं लिहितात. बहुतेक वेळा परत यायचा असेल तर पहिल्या तीन वर्षांत येतो, म्हणून सुरुवातीला दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि सीईए, वर्षातून एकदा तरी सीटी, आणि पहिल्या वर्षअखेरीस कोलोनोस्कोपी. लवकर सापडलेली एकटी गाठ काढता येते, प्रश्न १२ सारखीच. 'बरं वाटतंय' म्हणून फेऱ्या बंद करणारे मात्र बरेच असतात.

१६. सुई लावली, पोट उघडलं, हवा लागली म्हणून पसरला ना?

नाही. हवेने कॅन्सर पसरत नाही. पोट उघडल्यावर जो दिसला तो आधीपासूनच तिथे होता.

१७. शेंगाचटणी, कडक भाकरी बंद का? उपवास, वारी चालते का?

ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे हलकं, कमी चोथ्याचं खायचं. तेव्हा कडक भाकरी आणि शेंगाचटणी बाजूला. आतडं सांधलेलं असतं, कॅन्सरशी त्याचा संबंध नाही. नंतर हळूहळू सगळं चालतं. पोटावर पिशवी असेल तर शेंगदाणे नीट चावून, थोडे थोडे. केमोत कडक उपवास नको. आषाढीला पंढरपूरची गर्दी केमोच्या मधल्या दिवसांत, पांढऱ्या पेशी खाली असताना, टाळलेली बरी. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला की गोळी घेऊन वाट बघत बसायचं नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा.

व्यायामाचं मी पूर्वी वरवर सांगायचे. आता सांगत नाही. २०२५ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. तिसऱ्या आणि जास्त जोखमीच्या दुसऱ्या स्टेजच्या ८८९ पेशंटपैकी निम्म्यांना केमो संपल्यावर तीन वर्षं प्रशिक्षकाबरोबर नेमाने व्यायाम करायला लावला. पाच वर्षांनी आजार परत न आलेले व्यायामवाल्यांत ८० टक्के, नुसती पुस्तिका दिलेल्यांत ७४ टक्के. काही औषधांचा फायदाही एवढाच असतो. आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण तास, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा चालीने. कंबर तलावावर जाणारे बरेच जण रमतगमत चालतात. ते मोजत नाही.

१८. सोलापुरात होतं का, की मुंबई गाठावी?

न पसरलेल्या कॅन्सरचं साधं ऑपरेशन आणि नेहमीची केमो इथे होते. सिव्हिल हॉस्पिटल आहे, खासगी रुग्णालयं आहेत, सत्तरेक किलोमीटरवर बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. यकृतातल्या गाठी, पोटाच्या आवरणावरचा आजार किंवा चाळिशीच्या आतला पेशंट असेल तर पुण्या-मुंबईचं एक मत जरूर घ्या. मत तिथलं आणि केमो इथली, असंही जमतं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. दाखल झाल्यावर नंतर बघू म्हणू नका. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला तिकीट पूर्ण माफ असतं, सोबत्यालाही मोठी सवलत. रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो.

१९. बाबांना सांगायचं का?

माझा कल सांगण्याकडे. स्टेजचा आकडा सांगितलाच पाहिजे असं नाही, 'गाठ कॅन्सरची होती, काढलीय, आता औषध द्यायचंय' एवढं पुरतं. त्यांना विचारा, किती ऐकायचंय. न सांगितलेल्या घरांत मी एकच गोष्ट पाहिली: बाबांना माहीत असतं आणि तेच मुलांना सांभाळत बसतात.

२०. सगळ्या ग्रंथी स्वच्छ आहेत, तरी तिसरी स्टेज लिहिलीय. टायपिंगची चूक?

बहुधा 'एन१सी' असेल, नीट बघा. चरबीत कॅन्सरचे वेगळे ठिपके सापडले, पण ते कोणत्याही ग्रंथीत नव्हते. ग्रंथी स्वच्छ असल्या तरी अशा ठिपक्यांना तिसरीत धरतात, कारण आजार तसाच वागतो.

२१. पॉलिप काढला, त्यात कॅन्सर निघाला. तरी आतडं कापायचं?

पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवलेला कोंब. कॅन्सर वरच्या अस्तरातच असेल तर ती शून्य स्टेज, काढलं की झालं. खालच्या थरात गेला असेल तर कडा स्वच्छ आहे का, ग्रेड किती, वाहिन्यांत शिरलाय का हे पाहतात. सगळं चांगलं असेल तर नुसती नजर ठेवतात. पॉलिप तुकड्या-तुकड्यांत काढला असेल तर कडा सांगणं मला अशक्य होतं, आणि मग ऑपरेशनचा विषय निघतो.

२२. पेशंट तिशीतला आहे, रिपोर्टवर 'सिग्नेट रिंग' लिहिलंय.

या पेशी अंगठीसारख्या दिसतात: मध्ये चिकट द्रवाचा फुगा, कडेला दाबलेलं केंद्रक. आपल्याकडच्या तरुण पेशंटमध्ये हा प्रकार जास्त दिसतो, तो उशिरा सापडतो आणि पोटाच्या आवरणावर पसरण्याकडे त्याचा कल असतो. पेट स्कॅनमध्ये तो फिका दिसू शकतो, तेव्हा स्वच्छ पेटवर विसंबू नका. एमएमआर तपासणी इथे हटकून करा (प्रश्न १०).

२३. सर्जन म्हणाले गाठ मूत्राशयाला चिकटली होती, टी४ आहे. तुमच्या रिपोर्टवर टी३. खरं कोणाचं?

दोघांचंही. सर्जनच्या हाताला ती चिकटलेली लागते, पण चिकटलेल्या जागी कॅन्सरच आहे की नुसती सूज, ते हाताला कळत नाही. अशा वेळी मी त्या जागेला आधी शाई लावायची, मग तिथून चार-पाच काप घ्यायचे. एका काकांच्या पाचही कापांत पांढऱ्या पेशींची गर्दी आणि जुना पू होता, कॅन्सर शेवटच्या कापातही शाईपासून दोन मिलिमीटर लांब. सूक्ष्मदर्शकात काही दिसलं नाही तर चिकटल्यामुळे टी४बी लिहीत नाहीत, खोलीप्रमाणेच लिहितात. तुमच्या रिपोर्टमध्ये 'चिकटलेल्या जागेचे काप' असा उल्लेख आहे का ते बघा. नसेल तर ब्लॉक अजून लॅबमध्येच असतील, जाऊन विचारा.